मत्स्यालयातील 'बोन्साय'

मत्स्यालयातील बोन्साय हे खरे बोन्साय नव्हे. त्याचे खोड म्हणजे पाण्याने झिजलेले निर्जीव लाकूड, म्हणजेच ड्रिफ्टवूड. पर्णसंभार मात्र जिवंत असतो, तो जावा मॉसचा. पाण्याखालील अशा वनस्पतिरचनेला कलेची प्रतिष्ठा मिळवून देण्यात जपानी छायाचित्रकार ताकाशी अमानो (१९५४-२०१५) यांचा वाटा मोठा आहे.

लाकूड वाकड्या फांद्यांचे, न कुजलेले निवडावे. समुद्रकिनारी सापडलेल्या लाकडात मीठ मुरलेले असते. गोड्या पाण्याच्या टाकीसाठी ते टाळलेले बरे. लाकूड उकळून, पाणी बदलत काही आठवडे भिजत ठेवावे. टॅनिनमुळे पाण्याला चहाचा रंग येतो. त्याने माशांना सहसा अपाय होत नाही. लाकूड तरंगतच राहिले तर बुंध्याला सपाट दगड बांधावा.

फांद्यांच्या टोकांना मॉसचा पातळ थर सुती दोऱ्याने बांधावा. थर जाड झाला की आतला भाग प्रकाशाअभावी कुजतो. खऱ्या बोन्सायला गुंडाळतात ती तांब्याची तार येथे मुळीच वापरू नये. तांबे पाण्यात उतरले की प्रथम बळी जातात ते कोळंबी आणि गोगलगायी. मॉसने पकड घेतल्यावर कात्रीने घुमटाकार छाटणी करावी आणि कातरलेले तुकडे लगेच जाळीने काढावेत, अन्यथा ते टाकीभर रुजतात.