चामड्याची शिडी

फुलंब्रीहून सकाळी लवकर निघा. खुलताबादच्या रस्त्याला लागलात की दोन्ही बाजूंना मका, मधेच अद्रकाची शेतं. घाट उतरलात की समोर देवगिरी.

आता चौदाव्या शतकात जायचंय, म्हणून या शिवारातून एकेक गोष्ट काढून ठेवा. मका नको, मिरची नको. पायथ्याशी सीताफळांच्या पाट्या घेऊन बसलेल्या बायाही नकोत, कारण ही तिन्ही पिकं समुद्रापलीकडून यायला अजून दीडशेहून जास्त वर्षं आहेत. ज्वारी राहू द्या, कापूस राहू द्या. किल्ल्यात चांद मिनारही नाही. तो बहमनींनी पुढच्या शतकात उभारला.

दिल्लीहून १३४२ साली निघालेला मोठा लवाजमा धूळ उडवत येतोय. मुहम्मद तुघलकाने चीनच्या बादशहाकडे धाडलेला वकील त्यात आहे, तँजियरचा इब्न बतूता. सोबत नजराण्याचे शंभर घोडे. तुम्ही त्याच्या मागोमाग वेशीतून आत शिरा. शहराचे तीन भाग तो नोंदवतो: सुलतान आणि फौजेचं दौलताबाद, दुसरं कटक, तिसरा देवगिरीचा बालेकिल्ला. कटक! परक्या मुलखाच्या माणसाच्या लिखाणात आपल्या तोंडचा शब्द भेटला की ऊर भरून येतो. यादवांचं राज्य बुडून जेमतेम पंचवीस वर्षं झालीत. परंपरेने सांगितलेला काळ धरला तर तिकडे पंढरीत नामदेव अजून हयात आहेत.

खंदकाच्या काठाशी या आणि मान वर करा. डोंगराचं अंग चहूबाजूंनी तासून उभ्या भिंतीसारखं केलंय. घोरपडीलाही नख रोवायला जागा नाही. वर जायला चामड्याची शिडी, आणि रात्री तीही वर ओढून घेतात. अंधार पडतो. वादी कातळावर घासल्याचा आवाज येतो, शिडी वर जाते, आणि खालचं जग खाली राहतं. आतल्या कोठड्यांत मोठ्या गुन्ह्यांचे कैदी आहेत. तिथले उंदीर मांजरांपेक्षा मोठे, मांजरंच त्यांना घाबरून पळतात, असं बतूताने लिहून ठेवलंय.

शिडीचं लिहिलं, उंदरांचं लिहिलं, गाणाऱ्यांच्या बाजाराचंही लिहिलं. हा डोंगर ज्यांनी घाव घालून घालून तासला, त्या पाथरवटांपैकी एकाचंही नाव मात्र आपल्याला ठाऊक नाही. माझ्या लेखी हा किल्ला आधी त्यांचा, मग राजांचा.

आता परत या. खंदकावर पूल आहे, पोरं फोटो काढताहेत. कातळावर तळहात टेका. छिन्नीच्या खुणा अजून बोटांना लागतात. आणि त्यांच्या शेजारीच खिळ्याने ओरखडलेली आजकालची नावं दिसतील. तुमच्यासोबत मुलं असतील तर त्यांना छिन्नीच्या खुणा दाखवा, आणि खिळा हातात घेऊ देऊ नका.