प्रयोगशाळेच्या उंबरठ्याबाहेर

फिरत्या यंत्राच्या धोकादायक भागांभोवती कठडा असावा आणि मजुरास अपघात झाल्यास त्याची वर्दी सरकारकडे जावी, अशी तजवीज हिंदुस्थानात पहिल्यांदा 1881 च्या फॅक्टरी कायद्याने केली. तो कायदा तोकडा होता. शंभरांहून कमी माणसे असलेल्या कारखान्यांस तो लागू नव्हता, आणि मुंबईच्या गिरणी कामगारांसाठी नारायण मेघाजी लोखंडे यांना त्यानंतरही कित्येक वर्षे झगडावे लागले. तथापि मालकाच्या चार भिंतींच्या आत माणसाच्या जिवाचे काय होते याची विचारपूस करण्याचा अधिकार राज्यसंस्थेस आहे, हे तत्त्व त्या कायद्याने मान्य केले. विद्यापीठांच्या बाबतीत हेच तत्त्व मान्य होण्यास मात्र, ज्या इंग्लंडातून तो कायदा आमच्याकडे आला त्या इंग्लंडातही, 1974 साल उजाडावे लागले.

या विलंबाचे कारण शोधू गेल्यास ते द्रव्याच्या अभावात किंवा अज्ञानात सापडत नाही. ते विद्वत्तेविषयीच्या एका उदात्त कल्पनेत सापडते. ज्ञानासाठी पत्करलेली जोखीम हा संशोधकाचा खाजगी पराक्रम होय, अशी एकोणिसाव्या शतकाची श्रद्धा होती. जर्मन रसायनशास्त्रज्ञ रॉबर्ट बुन्सेन यांनी तरुणपणी आर्सेनिकच्या कॅकोडिल नामक संयुगांवर काम केले, तेव्हा एका स्फोटात त्यांचा एक डोळा गेला आणि विषबाधेने ते मरणाच्या दारातून परत आले. आर्सेनिकवर उतारा म्हणून जलयुक्त लोहभस्माचा उपयोग होतो हे दाखवून देणाऱ्यांतही तेच होते, म्हणजे धोक्याची जाण त्यांना इतरांपेक्षा अधिक होती. परंतु चरित्रकारांनी त्या डोळ्याचा उल्लेख केला तो गौरवाने. त्याच खोलीतील हवा आणखी कोण श्वासावाटे घेत होते, हा प्रश्न त्या काळी कोणी विचारल्याचे दिसत नाही.

तो प्रश्न ज्याने स्वतःच्या देहाच्या साक्षीने उपस्थित केला, तो गृहस्थ म्हणजे रसायनशास्त्रज्ञ आल्फ्रेड स्टॉक. बोरॉन आणि सिलिकॉन यांची हवा लागताच पेट घेणारी हायड्राइडे हाताळण्यासाठी त्यांनी काचेची निर्वात उपकरणे रचली, आणि त्यांच्या झडपांत पारा वापरला. वर्षानुवर्षे त्यांना डोकेदुखी, घेरी आणि विस्मरण यांनी ग्रासले, आणि विद्वान माणसास स्मृती गमावण्यासारखे दुसरे दुःख नाही. हे सर्व बंद खोलीतील पाऱ्याच्या अदृश्य वाफेचे फळ आहे हे उमगल्यावर 1926 साली त्यांनी आपली व्यथा शास्त्रीय नियतकालिकात उघडपणे मांडली, आणि पुढील आयुष्याचा मोठा भाग पाऱ्याचा लेशमात्र अंश मोजण्याच्या पद्धती सिद्ध करण्यात घालविला. मला या कृतीचे मोल त्यांच्या हायड्राइडांच्या शोधाइतकेच वाटते. कारण जे मोजता येत नाही त्याचा बंदोबस्तही करता येत नाही.

1972 साली कामाच्या ठिकाणच्या सुरक्षिततेविषयी लॉर्ड रोबेन्स यांच्या समितीने आपला अहवाल दिला आणि त्याच्या आधारे, विद्यापीठांसही लागू असलेला, 1974 चा ब्रिटिश कायदा झाला. त्यातील एक कलम मला विशेष महत्त्वाचे वाटते. मालकाने केवळ आपल्या नोकरांचीच नव्हे, तर त्याच्या कामामुळे ज्यांच्या जिवास अपाय पोहोचू शकेल अशा इतर सर्वांचीही शक्य तितकी काळजी घ्यावी, असा त्याचा आशय आहे. या कलमाची निकड इंग्लंडने नुकतीच अनुभवली होती. 1973 साली लंडनमधील एका वैद्यकीय शिक्षणसंस्थेत देवीच्या विषाणूचा संसर्ग प्रयोगशाळेतील एका साहाय्यिकेस झाला. ती बरी झाली, परंतु रुग्णालयात तिच्या शेजारच्या खाटेवरील रुग्णास भेटावयास आलेली दोन माणसे दगावली. त्या दोघांचा त्या प्रयोगशाळेशी कसलाही संबंध नव्हता.

कायदा होऊन चार वर्षे लोटली आणि बर्मिंगहॅम येथे तेच, अधिक दारुण स्वरूपात घडले. देवीचा नैसर्गिक संसर्ग झालेला जगातील शेवटचा रुग्ण ऑक्टोबर 1977 मध्ये सोमालियात सापडला होता. ज्या मुंबईत 1802 साली हिंदुस्थानातील पहिली लस एका तीन वर्षांच्या मुलीस टोचली गेली, तेथील आईबापांसही आता मुलांच्या दंडाची चिंता उरली नव्हती. विषाणू शिल्लक होता तो मोजक्या प्रयोगशाळांच्या शीतपेट्यांत. बर्मिंगहॅम विद्यापीठाच्या वैद्यकीय विद्यालयातील प्राध्यापक हेन्री बेडसन यांची प्रयोगशाळा त्यांपैकी एक होती, आणि 1978 अखेर ती बंद व्हावयाची होती. तिच्या वरच्या मजल्यावर शरीररचनाशास्त्र विभागाची छायाचित्रकार जॅनेट पार्कर काम करीत असे. ऑगस्टमध्ये तिला ताप आला, अंगावर पुरळ उठले. निदान होण्यास जवळजवळ पंधरवडा गेला आणि 11 सप्टेंबर रोजी ती वारली. देवीने मृत्यू पावलेली जगातील ती शेवटची व्यक्ती होय. त्याच्या आधीच्या आठवड्यातच, विलग्नवासात असलेल्या तिच्या वडिलांचे निधन झाले होते आणि बेडसन यांनी स्वतःचा अंत करून घेतला होता.

पुढे झालेल्या चौकशीत त्या प्रयोगशाळेच्या उणिवा एकामागून एक उघड झाल्या. कपडे बदलण्याची वा स्नानाची स्वतंत्र सोय नव्हती आणि कर्मचाऱ्यांचे विशेष प्रशिक्षणही अपुरे होते. विषाणू वर कसा पोहोचला यावर मात्र एकमत झाले नाही. चौकशी समितीस इमारतीच्या नळमार्गातून येणारी हवा संभवनीय वाटली. 1974 च्या कायद्याखाली विद्यापीठावर खटला भरला गेला तेव्हा न्यायालयास हे सिद्ध झालेले वाटले नाही आणि विद्यापीठ निर्दोष ठरले. माझ्या मते मार्गाच्या वादापेक्षा एक साधी वस्तुस्थिती अधिक बोलकी आहे. जे विषाणू हाताळीत त्यांना नियमाने लस टोचली जात असे. पार्करला शेवटची लस 1966 साली मिळाली होती. त्याच 1966 साली त्याच विद्यालयातील एका छायाचित्रकारास देवीचा सौम्य प्रकार झाला होता आणि त्याच्यापासून सत्तरांहून अधिक लोकांत तो पसरला होता. म्हणजे इशारा बारा वर्षे आधी, त्याच विद्यालयात आणि त्याच व्यवसायातील माणसाच्या अंगावर उमटलेला होता. परंतु देवीच्या कामाची माणसे कोण, अशी यादी करताना वरच्या मजल्यावरची माणसे तीत कोणी धरली नाहीत.

धोका ओळखण्याचे काम म्हणूनच खुर्चीवर बसून होत नाही. रसायनांच्या कोठाराची एक एक फळी पाहावी लागते. पिक्रिक आम्लाची जुनी बाटली पाण्याने ओली ठेवलेली असते, ते पाणी आटले की झाकणाच्या आट्यांत पिवळे स्फटिक साचतात, आणि ते झाकण नुसते पिळण्याने स्फोट होऊ शकतो. ईथरची उघडलेली बाटली दीर्घकाळ पडून राहिली की तीत पेरॉक्साइडे तयार होतात, आणि तीही तितकीच भयंकर ठरते. अशा बाटलीस प्राध्यापकाचा हात क्वचितच लागतो. वर्षअखेरीस फळ्या पुसणाऱ्या परिचराचा लागतो. म्हणून पहिला विचार हा की तो पदार्थ ठेवण्याची गरजच आहे काय. नसेल तर तो रीतसर घालवावा, असेल तर सौम्य पर्याय शोधावा, तोही नसेल तर त्यास बंदिस्त करावे. हातमोजे आणि चष्मे यांची पाळी सर्वांत शेवटी. अमेरिकेतील डार्टमथ महाविद्यालयाच्या प्राध्यापिका कॅरेन वेटरहान यांनी ऑगस्ट 1996 मध्ये हातमोजे घातलेच होते. डायमिथिलमर्क्युरी या पाऱ्याच्या संयुगाचे काही थेंब त्या रबरातून काही सेकंदांत आरपार गेले, आणि दहा महिन्यांच्या आत त्या गेल्या. स्टॉक यांच्या लेखाला त्या वेळी सत्तर वर्षे झाली होती.

अशा विसरलेल्या धोक्याचे आमच्या देशातील उदाहरण दिल्लीचे आहे. दिल्ली विद्यापीठाच्या रसायनशास्त्र विभागात कॅनडाहून आणलेले एक गॅमा विकिरण उपकरण होते. त्याच्या पोटात, शिशाच्या जाड कवचाआड, कोबाल्ट-60 होता. 1985 नंतर ते वापरात राहिले नाही. ज्यांना त्याची माहिती होती ती माणसे निवृत्त होत गेली, आणि कोबाल्टचे किरणोत्सर्जन निम्मे होण्यास सव्वापाच वर्षे लागत असल्याने पाव शतकानंतरही त्यात जीव घेण्याइतके तेज शिल्लक होते. फेब्रुवारी 2010 मध्ये ते उपकरण जुन्या सामानाबरोबर लिलावात विकले गेले आणि मायापुरीच्या भंगार बाजारात पोहोचले. तेथे शिशाच्या मोलासाठी ते फोडण्यात आले. फोडणाऱ्यांना आत काय आहे हे कोणीही सांगितलेले नव्हते. त्यांची कातडी भाजली, केस गळले, कित्येकांना रुग्णालयात ठेवावे लागले आणि एप्रिलअखेर त्यांतील एक कामगार मरण पावला. अणुशास्त्रज्ञांनी कोबाल्टचे तुकडे गोळा केले आणि त्यांचा माग काढीत ते विद्यापीठापर्यंत पोहोचले. मुंबईच्या अणुशक्तिनगरातील अणुऊर्जा नियामक मंडळाने विद्यापीठाकडे खुलासा मागितला. किरणोत्सारी वस्तू मंडळाच्या परवानगीवाचून कोणासही देता येत नाही, हा नियम त्या लिलावाच्या कितीतरी आधीपासून अस्तित्वात होता.