माओंचं वाक्य आणि माझा परत आलेला पेपर

सोलापुरात शाळा केलेल्या कुणालाही डॉ. द्वारकानाथ कोटणीसांवर निबंध लिहायला सांगा, शेवटच्या परिच्छेदात माओ येणारच. सैन्याचा मदतीचा हात गेला, राष्ट्राचा मित्र गेला, अशा अर्थाचं ते वाक्य. मीही शाळेत ते लिहिलं आणि वक्तृत्व स्पर्धेत हात उंचावून म्हटलं. पीएच.डी.च्या कोर्सवर्कमध्ये वैद्यकाच्या इतिहासावर पेपर द्यायची वेळ आली तेव्हा पुन्हा तेच घातलं, फक्त या वेळी शीर्षकाखाली, तिरक्या ठशात. पेपर परत आला. समासात पेन्सिलीने एकच प्रश्न होता: हे कुठून घेतलं?

कुठून म्हणजे? सगळ्यांना माहीत आहे की! हे उत्तर चाललं नाही, हे वेगळं सांगायला नको.

माझं एम.एस्सी. रसायनशास्त्रातलं. आमच्याकडे शोधनिबंधात कुणाची वाक्यं जशीच्या तशी देत नाहीत. दुसऱ्याचा आकडा घ्यायचा, आपल्या शब्दांत सांगायचा, संदर्भ क्रमांक टाकायचा. शब्द बदलले म्हणून उत्कलनबिंदू बदलत नाही. इतिहासात मात्र बऱ्याचदा शब्द हाच नमुना असतो. कुणी, कधी, कुणासाठी, कोणत्या भाषेत म्हटलं, हे त्या नमुन्याच्या बाटलीवरचं लेबल. लेबल नसलेली बाटली प्रयोगशाळेत कुणी वापरत नाही, मग मी निबंधात कशी वापरली?

आता मूळ गोष्ट थोडक्यात. जपानने चीनवर हल्ला केल्यावर सेनानी चू ते यांनी नेहरूंकडे वैद्यकीय मदत मागितली. सुभाषबाबू काँग्रेसचे अध्यक्ष असताना, सप्टेंबर 1938 मध्ये, पाच डॉक्टरांचं पथक निघालं: अटल, चोळकर, कोटणीस, बसू आणि मुखर्जी. कोटणीस तेव्हा 27 वर्षांचे होते, म्हणजे साधारण आज माझं आहे तेवढंच वय. फेब्रुवारी 1939 मध्ये पथक येनानला पोहोचलं. पुढे कोटणीस उत्तर चीनच्या आघाडीवर गेले. 1941 मध्ये तिथल्या बेथ्यून आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालयाचे प्रमुख झाले आणि त्याच वर्षी परिचारिका कुओ छिंगलान यांच्याशी त्यांनी लग्न केलं. 9 डिसेंबर 1942 रोजी अपस्माराच्या झटक्यांनी ते गेले. मुलगा तेव्हा काही महिन्यांचा होता.

माओंचे शब्द त्यानंतरचे, येनानमधल्या शोकसभेच्या वेळचे. ते भाषणातले नाहीत, ब्रशने लिहिलेला शोकसंदेश आहे तो. म्हणजे पहिली दुरुस्ती इथेच: ‘माओ म्हणाले’ नाही, ‘माओंनी लिहिलं’.

मग मी मराठीतली रूपं गोळा केली. तीन ठिकाणी तीन वेगळी! (म्हणूनच या लेखात मी ते अवतरण चिन्हात देत नाहीये. अवतरण चिन्ह म्हणजे ‘यातला एक शब्दही माझा नाही’ अशी हमी, आणि ती हमी मला देता येत नाही.) तिन्ही रूपं इंग्रजीतून आलेली. इंग्रजीतल्या ‘हेल्पिंग हँड’चं मराठीत ‘मदतीचा हात’ झालंय. चिनी येणाऱ्या एका मैत्रिणीला मूळ मजकूर दाखवला. ती म्हणाली, तिथे दोन अक्षरांचा शब्द आहे, पहिल्याचा अर्थ बाहू आणि दुसऱ्याचा मदत. संपूर्ण सैन्याने असा बाहू गमावला, असं म्हटलंय. आपल्याकडे मदतीचा हात शेजारीसुद्धा देतो, सिलिंडर उचलायला. माओंचा शब्द ‘उजवा हात गेला’ याच्या जास्त जवळचा आहे. तीन भाषांच्या प्रवासात सोलापूरच्या डॉक्टरची किंमत कमी होऊन सोलापुरात परत आली, आणि आम्ही ती टाळ्या घेत म्हणत होतो.

त्याहून मोठी गंमत गाळलेल्या भागात आहे. आपण मधली दोन टोकदार वाक्यांशं तेवढी उचलतो. त्यांच्या आधी माओ लिहितात, की येनान आणि उत्तर चीनमध्ये कोटणीसांनी पाच वर्षं काम केलं आणि श्रमांनी थकून, आजारी पडून ते गेले. आता तारखा लावून बघा. येनानला पोहोचल्यापासून मृत्यूपर्यंत चार वर्षंसुद्धा पुरी होत नाहीत. 1938 ते 1942 अशी दोन्ही टोकांची कॅलेंडर वर्षं मोजली, तर पाच होतात. अपस्माराचं नावही त्यात नाही. म्हणून माओ खोटं बोलले का? अजिबात नाही. शोकसंदेशाकडून मृत्यूच्या दाखल्याचं काम करून घ्यायचं नसतं, एवढंच. कोटणीस कशाने गेले याला हे अवतरण पुरावा होत नाही. चिनी नेतृत्वाला त्यांच्या मृत्यूला कोणता अर्थ द्यायचा होता, याला ते पक्का पुरावा आहे. तेच वाक्य, पण एका प्रश्नाला निकामी आणि दुसऱ्याला सोनं.

विज्ञानवाली असल्यामुळे माझी दुसरी चूक जास्त लाजिरवाणी. पेपरात मी प्लेगवर अर्धं पान लिहिलं होतं. कोटणीसांनी प्लेगशी झुंज दिली आणि त्यातच ते गेले, हे डोक्यात पक्कं बसलेलं. ते आलं कुठून? व्ही. शांतारामांच्या 1946 च्या ‘डॉ. कोटनीस की अमर कहानी’मधून. सिनेमाचा आधार ख्वाजा अहमद अब्बास यांचं पुस्तक, पण पडद्यावरचा प्लेगने आलेला मृत्यू हा पटकथेचा. आजोबांनी सांगितलेली गोष्ट म्हणून मी ती खरी धरली. आजोबांनी सिनेमा पाहिला होता!

दुसऱ्या मसुद्यात काय केलं, ते सांगते. शीर्षकाखालचं वाक्य काढलं. शोकसंदेश मधल्या विभागात नेला, पूर्ण दिला, भाषांतर कुणाचं ते लिहिलं आणि लगेच खाली पाच वर्षांचा हिशोब आणि ‘बाहू’ची चर्चा केली. चार ओळींच्या अवतरणावर माझी पंधरा ओळी चर्चा. आधी हे प्रमाण उलटं होतं. अवतरणं बोलत होती आणि मी मधे मधे ‘तसेच’, ‘त्याचप्रमाणे’ म्हणत होते. चरित्रातल्या साध्या माहितीची अवतरणं काढून ती माझ्या शब्दांत लिहिली, कारण कोटणीस मुंबईच्या जी. एस. मेडिकल कॉलेजात शिकले हे सांगायला कुणाच्या सुंदर वाक्याची गरज नाही. प्लेगचं अर्धं पान उडवलं नाही. ‘सिनेमाने काय बदललं’ या उपशीर्षकाखाली ते कामी आलं.

एक किरकोळ पण उपयोगी गोष्ट: चिनी साहित्यात शोधायचं तर ‘कोटणीस’ टाकून फारसं हाती लागत नाही. पाचही डॉक्टरांनी नावाला ‘हुआ’, म्हणजे चीन, जोडून चिनी नावं घेतली होती. कोटणीस तिथे ‘क दीहुआ’ आहेत.

दुसरा मसुदा मागच्या आठवड्यात परत आला. समासात पुन्हा पेन्सिल, पुन्हा एकच प्रश्न: माओ बोलले, शांताराम बोलले, अब्बास बोलले, कोटणीस स्वतः कुठे आहेत? बघितलं तर खरंच, अठरा पानांत त्यांचं एकही वाक्य नाही. आता त्यांनी घरी लिहिलेल्या पत्रांच्या मागे लागलेय. उद्या सकाळी भैया चौकातल्या स्मारकापासून सुरुवात.