कवायत, कायदा आणि पंचनामा : महाराष्ट्रातील पोलीस प्रशिक्षणाची घडण

पोलीस प्रशिक्षणाचे परंपरेने दोन विभाग पडतात. कवायत, शारीरिक शिक्षण, शस्त्रांची हाताळणी, लाठी आणि दंगानियंत्रण हे मैदानावरचे विषय, तर फौजदारी कायदे, गुन्ह्याचा तपास, न्यायवैद्यकशास्त्र आणि दप्तराचे लेखन हे वर्गातले विषय होत. हा अभ्यासक्रम कोणा एकाने एका बैठकीत आखलेला नाही. निरनिराळ्या काळातील राज्यकर्त्यांना पोलिसांकडून जे जे हवे होते, त्याचे थर एकमेकांवर चढत जाऊन तो आजच्या रूपास आला आहे.

संघटित पोलीस दल उभे राहण्यापूर्वी महाराष्ट्रातील गावांचा बंदोबस्त पाटील आणि त्याच्या हाताखालचे रामोशी, जागले, महार यांच्याकडे असे. या राखणदारांचे मुख्य कसब म्हणजे माग काढणे. चोराच्या पावलांचे ठसे ओळखत राखणदाराने माग शेजारच्या गावाच्या शिवेपर्यंत नेऊन पोचवला, की पुढील शोधाची जबाबदारी त्या गावावर जाई, आणि माग पुढे काढता न आल्यास नुकसानभरपाईचा भारही त्याच गावावर येऊ शके. हे ज्ञान वतनाबरोबर बापाकडून मुलाकडे जात असल्यामुळे त्याच्या शिक्षणासाठी वेगळी संस्था लागत नव्हती. १८६७च्या ग्रामपोलीस कायद्याने पाटलाचे पोलिसी अधिकार कायम ठेवले, तरी नव्याने उभ्या राहत असलेल्या पगारी दलाची शिकवण मात्र वेगळ्याच वाटेने गेली.

त्या वाटेची सुरुवात सिंधमध्ये झाली. १८४३ साली सिंध जिंकल्यावर चार्ल्स नेपियरने आयर्लंडमधील कॉन्स्टॅब्युलरीच्या, म्हणजे शिस्तबद्ध व सशस्त्र पोलीस दलाच्या नमुन्यावर तेथे लष्कराहून वेगळे पोलीस दल उभारले, आणि १८५३ साली मुंबई इलाख्याने आपल्या पोलिसांची पुनर्रचना करताना हाच नमुना पुढे ठेवला. १८५७च्या उठावानंतर सरकारला जमावाला आणि बंडाला आवर घालणारे दल सर्वत्र हवे होते. १८६० सालच्या पोलीस आयोगानंतर आलेल्या १८६१च्या पोलीस कायद्यामागे हीच गरज होती. अशा दलात हुकूम सुटताच एकसाथ हालचाल करणे हा पहिला गुण ठरत असल्यामुळे, कवायत, म्हणजे ठरावीक हुकमांवर पावले, रांगा आणि शस्त्रे यांच्या हालचाली करण्याचा सराव, हा शिपायाच्या शिक्षणाचा पाया झाला.

या व्यवस्थेत आज्ञाधारक शिपाई तयार झाला, पण तपास करणारा अधिकारी झाला नाही. अँड्र्यू फ्रेझर यांच्या अध्यक्षतेखाली १९०२-०३ मध्ये काम केलेल्या आयोगाने पोलीस दल अकार्यक्षम असून त्याचे प्रशिक्षण सदोष आहे, आणि लोक त्याला भ्रष्ट व जुलमी मानतात, असा स्पष्ट अभिप्राय देऊन प्रशिक्षणशाळांची शिफारस केली. त्यानंतर १९०६ साली पुण्याजवळच्या भांबुर्डे येथे, म्हणजे आजच्या शिवाजीनगर भागात, पोलीस प्रशिक्षणशाळा सुरू झाली. १९०९ साली ती नाशिकला हलवण्यात आली आणि तिचीच पुढे महाराष्ट्र पोलीस अकादमी झाली. याच सुमारास अंगुलिमुद्रांचे, म्हणजे बोटांच्या ठशांचे, शास्त्रही पोलिसी ज्ञानात येत होते. १८९७ साली कलकत्त्यात स्थापन झालेल्या केंद्रात एडवर्ड हेन्री यांच्या नावाने ओळखली जाणारी वर्गीकरणाची पद्धत वापरली जाई आणि ती घडवण्यात अझिझुल हक व हेमचंद्र बोस या भारतीय अधिकाऱ्यांचा मोठा वाटा होता.

वर्गात शिकवल्या जाणाऱ्या कौशल्यांत पंचनाम्याचे स्थान विशेष आहे. पंचनामा म्हणजे घटनास्थळाची, झडतीची किंवा जप्तीची, त्रयस्थ पंचांच्या समक्ष जागेवरच लिहिलेली हकीकत. त्यात चतुःसीमा, वस्तूंची जागा व स्थिती, मुद्देमालाचे वर्णन आणि वेळ यांची नोंद असावी लागते, आणि लिहिणाऱ्याने पाहिलेले तेवढेच नोंदवून अनुमान बाजूला ठेवावे लागते. या लेखनाला एवढे महत्त्व येण्याचे कारण १८७२च्या पुरावा कायद्यात आहे. पोलीस अधिकाऱ्यापुढे दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून वापरता येणार नाही असे या कायद्याने ठरवले; मात्र कोठडीतील आरोपीने दिलेल्या माहितीवरून एखादी वस्तू हाती लागल्यास, त्या शोधाशी थेट संबंधित असलेला माहितीचा भाग याच कायद्याने ग्राह्य मानला. अशा प्रसंगी करावयाचा निवेदन पंचनामा, म्हणजे आरोपीच्या निवेदनाची आणि त्यानंतरच्या जप्तीची नोंद, हा म्हणूनच तपासातील कसोटीचा भाग ठरतो. त्यात क्रम चुकला किंवा पंच अविश्वसनीय निघाले, तर कष्टाने उभा केलेला खटलाही ढासळू शकतो.

स्वातंत्र्यानंतर लोकशाहीतील पोलिसाला काय शिकवावे, हा प्रश्न नव्याने उभा राहिला. टाटा समाजविज्ञान संस्थेचे संचालक राहिलेले समाजशास्त्रज्ञ प्रा. मा. स. गोरे यांच्या अध्यक्षतेखालील समितीने १९७३ मध्ये सादर केलेल्या अहवालात, केवळ कवायत व कायद्याच्या कलमांवर न थांबता समाजाची जाण आणि योग्य वृत्ती घडवण्यावर भर दिला. १९९६ मधील डी. के. बसू खटल्याच्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने अटकेचे लेखी टिपण, नातलगांना कळवणे आणि वैद्यकीय तपासणी यांचे नियम घालून दिल्यामुळे, अटक करणे हे बळाइतकेच कायदेशीर काटेकोरपणाचेही काम ठरले. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेने झडती व जप्तीचे दृक्‌श्राव्य चित्रण आवश्यक केले, त्यामुळे पंचनाम्याच्या जुन्या विद्येला कॅमेऱ्याची जोड मिळाली.

फ्रेझर आयोगानंतरच्या सुमारे सव्वाशे वर्षांत नवे विषय येत गेले, तरी कवायतीची जागा ढळली नाही. दीक्षान्त संचलन हाच आजही प्रशिक्षणाचा सर्वांत दिसणारा सोहळा आहे. दलाला एकजूट देण्याचे कवायतीचे कार्य नाकारता येणार नाही. तथापि न्यायालयात टिकणारा पंचनामा लिहिणे, साक्षीदाराला धीर देऊन बोलते करणे आणि हाती बळ असताना ते आवरणे या कौशल्यांनाच नागरिकांच्या दृष्टीने अधिक मोल आहे, आणि प्रशिक्षणाचे तास ठरवताना पहिला मान त्यांनाच मिळाला पाहिजे.