ओरिक्टोसेफॅलिडी
ओरिक्टोसेफॅलिडी : ट्रायलोबाइट या निर्वंश झालेल्या सागरी संधिपाद (सांधेयुक्त पाय असलेल्या) प्राण्यांच्या वर्गातील एक कुल. कोरिनेक्सोकायडा या गणात याचा समावेश होतो. याचे जीवाश्म (शिळारूप झालेले अवशेष) कँब्रियन काळाच्या पूर्व भागाच्या उत्तरार्धातील व मध्य भागातील खडकांत आढळतात. म्हणजे सु. ५१ कोटी वर्षांपूर्वीच्या आगेमागे हे प्राणी समुद्रात राहत होते. प्राण्यांचा आकार लहान, बहुधा एक-दोन सेंमी., पुष्कळदा त्याहूनही कमी असे. कुल लहान, प्रजाती थोड्या आणि अस्तित्वाचा काळही अल्प. असे असूनही कँब्रियन काळाचे विभाग पाडताना या कुलाला जे महत्त्व आले, ते त्याच्याहून कितीतरी मोठ्या कुलांना आलेले नाही. त्यातील एक प्रमुख जाती भारतातील स्पिती भागातून प्रथम वर्णिली गेली आणि तिच्या नावात भारताचे नाव आहे.

लक्षणे : सर्व ट्रायलोबाइटांप्रमाणे यांचे पृष्ठकवच शीर्ष, वक्ष व पुच्छ अशा तीन भागांचे असून लांबीच्या दिशेने जाणाऱ्या दोन खोबणींमुळे त्याचे मधला कणा व दोन बाजू असे तीन खंड पडतात. या तीन उभ्या खंडांवरूनच वर्गाला ट्रायलोबाइट हे नाव पडले. शीर्ष, वक्ष व पुच्छ या भागांवरून नव्हे. डोक्याच्या मध्यभागी जो लांबट उंचवटा असतो त्याच्या दोन्ही बाजूंस इतर ट्रायलोबाइटांत तिरप्या चिरा असतात. या कुलात मात्र चिरांऐवजी टोचून पाडल्यासारखे सुटे खळगे असतात व समोरासमोरचे खळगे पुष्कळदा उथळ आडव्या खोबणीने जोडलेले असतात. ‘खणलेले’ व ‘डोके’ या अर्थांच्या ग्रीक शब्दांवरून ओरिक्टोसेफॅलस हे नाव पडले ते यामुळेच. अनेक प्रजातींत पुच्छाच्या कडेस काट्यांच्या जोड्या असतात व त्यांपैकी एखादी जोडी इतरांपेक्षा बरीच लांब असते. टाँकिनेला व ओरिक्टोकेरा यांसारख्या प्रजातींत काटे नसून पुच्छ अखंड कडेचे व तुलनेने मोठे असते.

खडकांत सापडणारे अवशेष हे प्रत्येक वेळी मेलेल्या प्राण्याचेच असतात असे नाही. खेकड्याप्रमाणे ट्रायलोबाइटही वाढताना वारंवार कवच टाकीत. डहाणूच्या किनाऱ्यावर भरतीच्या रेषेलगत पडलेले खेकड्याचे रिकामे कवच उचलून पाहिल्यास आत मांस नसते, पण आकार हुबेहूब असतो. स्पितीच्या दगडांतील पुष्कळसे तुकडे याच प्रकारचे आहेत. एकच प्राणी आयुष्यात अनेक कवचे टाकीत असल्याने अवशेषांच्या संख्येवरून प्राण्यांच्या संख्येचा अंदाज करणे धोक्याचे ठरते.

प्रजाती : ओरिक्टोसेफॅलस ही कुलाची नामधारक प्रजाती चार्ल्स डूलिटल वॉलकॉट यांनी १८८६ मध्ये अमेरिकेच्या नेव्हाडा राज्यातील नमुन्यांवरून स्थापिली. कुलाची स्थापना चार्ल्स एमर्सन बीचर यांनी १८९७ मध्ये केली. त्यानंतर सापडलेल्या प्रजातींची नावे वाचताना जगाचा नकाशाच डोळ्यांपुढून जातो. आर्थ्रिकोसेफॅलस (बेर्जेराँ, १८९९) चीनमधील, ओरिक्टोकेरा (वॉलकॉट, १९०८) अमेरिकेतील, टाँकिनेला (मांस्यूई, १९१६) व्हिएटनामच्या टाँकिन भागातील, लँकास्ट्रिया (कोबायाशी, १९३५) पेनसिल्व्हेनियातील, तर ओव्हॅटोरिक्टोकेरा (चेर्निशेव्हा, १९६२) सायबीरियातील होय. ऑस्ट्रेलियातील नमुन्यांवर शेरगोल्ड यांनी १९६९ मध्ये स्वतंत्र ग्रंथ प्रसिद्ध केला. टाँकिनेला ही प्रजाती काश्मीरमध्येही आढळली आहे.

हा विस्तार या कुलाच्या उपयुक्ततेचे मूळ आहे. कँब्रियन काळातील बहुतेक ट्रायलोबाइट उथळ समुद्रांच्या तळाशी राहत व एका भूखंडाच्या काठापुरते मर्यादित राहत. त्यामुळे एका खंडातील स्तर दुसऱ्या खंडातील स्तरांशी जुळविणे अवघड जाते. ओरिक्टोसेफॅलिडी कुलातील प्राण्यांचे अवशेष भूखंडमंचाच्या बाहेरील उतारावर साचलेल्या बारीक कणांच्या गाळात विशेष आढळतात. हे पाणी निरनिराळ्या भूखंडांच्या भोवती सारखेच व परस्परांस जोडलेले असल्याने या जाती दूरवर पसरू शकल्या.

स्पितीतील शोध : हिमाचल प्रदेशातील स्पिती खोरे जीवाश्मांसाठी फार पूर्वीपासून प्रसिद्ध आहे, परंतु ती प्रसिद्धी ज्युरासिक काळातील शेल खडकांतील अमोनाइटांची, म्हणजे ज्या प्रकारचे अवशेष शाळिग्राम म्हणून देवघरात पुजले जातात त्यांची होय. त्यांच्या मानाने ट्रायलोबाइट दिसण्यास क्षुल्लक असल्याने कोणा यात्रेकरूने ते जवळ बाळगल्याचे ऐकिवात नाही. फर्डिनांट स्टोलिच्का यांनी १८६४ मध्ये या भागाची भूवैज्ञानिक पाहणी केली. पुढे ग्रीसबाख यांनी मध्य हिमालयातील सर्वांत जुन्या गाळाच्या खडकांना हैमंत हे नाव दिले. या जाड थरांच्या वरच्या भागात ओळखता येण्याजोगे ट्रायलोबाइट मिळाले ते भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्थेचे हेन्री ह्यूबर्ट हेडन यांना, पिन नदीला मिळणाऱ्या पराहिओ नदीच्या खोऱ्यात. हेडन यांचा स्पितीविषयीचा ग्रंथ १९०४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांनी जीवाश्म गोळा करताना कोणता नमुना कोणत्या थरातून निघाला याची नोंद काळजीपूर्वक ठेवली होती. शंभर वर्षांनंतरच्या संशोधकांना तेच थर पुन्हा शोधता आले, याचे श्रेय या नोंदींना द्यावे लागते. हेडन पुढे या संस्थेचे संचालक झाले. १९२३ मध्ये आल्प्समध्ये गिर्यारोहण करीत असता दरड कोसळून त्यांचा मृत्यू झाला.

हेडन यांच्या संग्रहाचे वर्णन केंब्रिज येथील फ्रेडरिक रिचर्ड काउपर रीड यांनी १९१० मध्ये ‘पॅलिऑन्टॉलॉजिया इंडिका’ या ग्रंथमालेत केले. रीड यांना हे कुल अपरिचित नव्हते. कॅनडातील मौंट स्टीव्हन येथील ओरिक्टोसेफॅलसची एक जाती त्यांनीच १८९९ मध्ये वर्णिली होती. स्पितीच्या नमुन्यांत त्यांनी ओरिक्टोसेफॅलस साल्टेराय ही नवी जाती ओळखली. पण दुसऱ्या एका जातीस मात्र त्यांनी झॅकँथॉइडीस या वेगळ्या प्रजातीत घालून ‘इंडिकस’ हे जातिनाम दिले. पुढे ती ओरिक्टोसेफॅलसचीच असल्याचे मान्य झाले व तिचे नाव ओरिक्टोसेफॅलस इंडिकस असे रूढ झाले.

विरूपणाचा प्रश्न : हिमालयाच्या निर्मितीत खडक दाबले व ताणले गेले आणि त्यांच्यातील कवचेही खडकाबरोबर वाकडी झाली. एकाच जातीचे कवच दाबाच्या दिशेप्रमाणे एके ठिकाणी लांबट व निमुळते, तर दुसऱ्या ठिकाणी आखूड व रुंद झालेले दिसते. आकारातील प्रत्येक फरक नव्या जातीचे लक्षण मानल्यास जातींची संख्या उगाच वाढते, व तसेच झाले. दाराशा नौशेरवान वाडिया यांनी वायव्य काश्मीरमध्ये हुंडवारा परिसरात शोधलेल्या कँब्रियन जीवाश्मांचे वर्णनही रीड यांनीच १९३४ मध्ये केले. त्यात हुंडवारेला या स्थानिक नावाच्या प्रजातीबरोबर पुष्कळ नव्या जाती होत्या. नायजेल ह्यूझ व पीटर जेल यांनी १९९२ मध्ये संगणकाच्या साहाय्याने या काश्मिरी कवचांवरील विरूपणाचा परिणाम वजा करून दाखविला, तेव्हा वेगवेगळी मानलेली अनेक नावे एकाच जातीची ठरली. रीड यांच्या हाती मूठभर नमुने होते व हा प्रदेश त्यांनी पाहिलेला नव्हता. हे ध्यानात घेता त्यांच्याकडे सर्व दोष जात नाही. या दोघांनीच १९९७ मध्ये हिमालयातील कँब्रियन ट्रायलोबाइटांचे एकत्रित पुनरीक्षण प्रसिद्ध केले.

त्यानंतर पराहिओ व झांस्कर खोऱ्यांतील स्तरांचे मोजमाप भारतीय, अमेरिकन व चिनी संशोधकांनी मिळून केले व त्यावरील ग्रंथ २००९ मध्ये निघाला. त्यात ओरिक्टोसेफॅलस इंडिकसची पातळी व तिच्या बऱ्याच वर ओरिक्टोसेफॅलस साल्टेराय विभाग निश्चित करण्यात आला. या नव्या संशोधनातील काही नावे लक्षात राहण्याजोगी आहेत : हेडन यांच्या नावाची हेडेनॅस्पिस पार्वत्या आणि ओ. एन. भार्गव यांच्या नावाची भार्गविया प्राकृतिका. लॅटिन वळणाच्या यादीत संस्कृत जातिनामे सहज सामावून गेली आहेत.

कालविभागाची सीमा : भूवैज्ञानिक कालखंडाचा आरंभ जगात एका ठरावीक छेदातील एका ठरावीक थराशी निश्चित करण्याची आंतरराष्ट्रीय पद्धत आहे. पूर्वीच्या मध्य कँब्रियन काळाचा आरंभ निरनिराळ्या देशांत निरनिराळ्या जीवाश्मांवरून धरला जाई व या आरंभांचा परस्परांशी मेळ बसत नसे. एखाद्या ठिकाणचे खडक ‘मध्य कँब्रियन’ आहेत, या विधानाचा अर्थ ते कोणी केले यावर अवलंबून असे. सर्वमान्य खूण शोधताना ज्या दोन जातींमध्ये मुख्य चुरस झाली त्या दोन्ही याच कुलातल्या होत्या : प्रथम सायबीरियात वर्णिलेली ओव्हॅटोरिक्टोकेरा ग्रॅन्युलाटा व ओरिक्टोसेफॅलस इंडिकस. पहिली थोड्या खालच्या पातळीवर अवतरते. दुसरी दक्षिण चीन, हिमालय व उत्तर अमेरिका इ. ठिकाणी ओळखता येते, हे तिच्या बाजूने निर्णायक ठरले. शेवटी चीनच्या ग्वेजो प्रांतातील वूल्यू-झंगजियायेन येथील छेदात, काइली शैलसमूहाच्या तळापासून ५२.८ मी. उंचीवर, जेथे ओरिक्टोसेफॅलस इंडिकस प्रथम अवतरते, तो थर वूल्यूयन काल व म्याओलिंजियन श्रेणी यांचा आरंभ म्हणून २०१८ मध्ये मान्य झाला. खुणेची जाती भारताच्या नावाची, पण प्रमाण छेद चीनमधला, हे काहींना विचित्र वाटेल. तथापि अशा छेदासाठी अखंड साचलेला, सहज पोहोचता येणारा व विरूपण नसलेला खडक लागतो. स्पितीत जीवाश्मयुक्त थर एकमेकांपासून दूरदूर असून मधल्या जाड वालुकाश्मात अवशेष जवळजवळ नाहीत. जातीचा खरा पहिला अवतार कोणत्या थरात झाला हे तेथे सांगता येत नाही.

महाराष्ट्र : या राज्यात या कुलाचे किंवा इतर कोणत्याही ट्रायलोबाइटांचे जीवाश्म आढळत नाहीत व त्याची कारणे भागाभागाला वेगळी आहेत. पालघर जिल्ह्यातील डहाणू व तलासरी हे तालुके याचे सुटसुटीत उदाहरण होत. येथील टेकड्या दक्षिण ट्रॅप या लाव्ह्याच्या थरांच्या व त्यांना छेदणाऱ्या भित्तींच्या (उभ्या भेगांत घट्ट झालेल्या अग्निज खडकांच्या) असून किनारपट्टीवर अगदी अलीकडचा गाळ आहे. ट्रॅपचे वय सु. ६.६ कोटी वर्षे, तर शेवटचे ट्रायलोबाइट सु. २५.२ कोटी वर्षांपूर्वी पर्मियन काळाच्या अखेरीस नष्ट झाले. म्हणजे लाव्हा वाहू लागला तेव्हा हा वर्ग संपून १८ कोटींहून अधिक वर्षे लोटली होती. नोव्हेंबर २०१८ पासून धुंदलवाडी व तलासरी परिसरात लहान भूकंपांची दीर्घ मालिका सुरू झाल्यावर ट्रॅपखाली काय आहे हा प्रश्न तेथील रहिवाशांसाठी केवळ पुस्तकी राहिला नाही. बहुसंख्य धक्क्यांची नाभी ट्रॅपच्या खालील खडकांत असल्याचे भूकंपमापकांवरून दिसून आले.

सिंधुदुर्ग व कोल्हापूर भागांतील कलादगी आणि विदर्भातील पैनगंगा खोऱ्यातील चुनखडक हे गाळाचे असले, तरी ट्रायलोबाइट अवतरण्यापूर्वीचे, कँब्रियनपूर्व काळातील आहेत. नागपूर-चंद्रपूरकडील कोळसायुक्त गोंडवनी खडकांचा खालचा भाग मात्र पर्मियन काळातला असून तेव्हा काही ट्रायलोबाइट अजून हयात होते. परंतु हे प्राणी खाऱ्या पाण्याबाहेर कधीच आले नाहीत आणि गोंडवनी थर साचले ते नद्यांच्या व सरोवरांच्या गोड्या पाण्यात. त्यांत ग्लॉसोप्टेरिसची पाने विपुल सापडतात.