गाळाची दुसरी बाजू

मी भूगोल शिकवीत असे तेव्हा एक उत्तर मुलांकडून घोकूनच घ्यायचो : गाळ साचल्यामुळे धरणाची साठवणक्षमता कमी होते. दोन गुण. उत्तर चुकीचे नव्हते, पण अपुरे होते. हे मला निवृत्तीनंतर नांदूरमध्यमेश्वरला गेल्यावर कळले.

नाशिक जिल्ह्यात, निफाड तालुक्यात गोदावरी आणि कादवा यांच्या संगमापाशी इंग्रज सरकारने १९०७ साली बंधारा बांधायला घेतला. हेतू सरळ होता. इथून डावा-उजवा कालवा काढायचा आणि खालच्या अवर्षणाच्या मुलखाला पाणी द्यायचे. पुढे कोपरगाव-राहात्याचा ऊस या कालव्यांवरच उभा राहिला. पक्षी मात्र कुणाच्याही नकाशात नव्हते.

दर पावसाळ्यात नद्या गाळ आणत राहिल्या. जलाशय उथळ झाला, मध्ये बेटे झाली, पाणवनस्पती माजल्या. इंजिनिअरच्या हिशेबात हा निव्वळ तोटा. पण थापट्या, तलवार बदक यांना वरवर चरायला उथळ पाणीच लागते. हिवाळ्यात ही बदके उत्तरेकडून इथे उतरू लागली. लडाख-तिबेटकडचे चक्रवाकही आले. डॉ. सलीम अलींनी या जागेला महाराष्ट्राचे भरतपूर म्हटले होते, असे लोक अजून अभिमानाने सांगतात. १९८६ साली अभयारण्य जाहीर झाले. पाणथळ जागांसाठी १९७१ साली इराणमधल्या रामसर गावी आंतरराष्ट्रीय करार झाला होता. त्याच्या यादीत महाराष्ट्राचे पहिले नाव लागले ते याच जागेचे. ही बातमी आली जानेवारी २०२० मध्ये.

इथे थांबलो तर गोष्ट गोड होते. पण पात्र उथळ झाले की पुराचे पाणी पसरते, काठच्या शेतात शिरते. वरच्या अंगाला असलेल्या चांदोरी-सायखेड्याने ऑगस्ट २०१९ मध्ये मोठा पूर सोसला. गाळ काढा, असे काठचा शेतकरी म्हणतो तेव्हा त्याला पक्षिप्रेमाचे धडे देण्याचा मला काय अधिकार? माझे घर काही पाण्यात गेले नव्हते. आणि सरसकट गाळ उपसला तर बदके उतरणार कुठे, हेही खरेच. कुठला गाळ काढायचा आणि कुठला राखायचा, हे काठच्या माणसांना बरोबर घेऊनच ठरवावे लागेल.

आज पेपर काढायची वेळ आली तर गाळाचा प्रश्न मी पाच गुणांचा ठेवीन. पूर्ण गुण मात्र दोन्ही बाजू लिहिणाऱ्यालाच.