संघांतर, खेळाडूंचे

संघटित खेळांत खेळाडूने एक संघ सोडून दुसऱ्या संघात जाणे, यास संघांतर म्हणतात. ते मुख्यतः तीन प्रकारे घडते : कराराची मुदत संपल्यावर खेळाडूने नवा करार करणे, दोन संघांनी आपापसांत खेळाडूंची अदलाबदल किंवा विक्री करणे, आणि कराराची मुदत चालू असतानाच खेळाडूने आपणास दुसऱ्या संघाकडे द्यावे, अशी मागणी करणे. संघांतराच्या इतिहासात दोन प्रश्न सतत पुढे आलेले दिसतात. जाऊ इच्छिणाऱ्या खेळाडूस अडविण्याचा अधिकार कोणाचा, हा पहिला व राहू इच्छिणाऱ्या खेळाडूस त्याच्या संमतीवाचून हलविता येते काय, हा दुसरा. खेळाडूचा उमेदीचा काळ दहापंधरा वर्षांहून क्वचितच अधिक असतो. त्यांतील एखाददुसरे वर्ष वादात गेले, तरी ते भरून येत नाही. यामुळे या प्रश्नांना केवळ व्यवस्थापनापुरते महत्त्व नसून खेळाडूची उपजीविकाच त्यांच्याशी निगडित असते.

पाश्चात्त्य देशांतील विकास : अमेरिकेतील बेसबॉलमध्ये १८७९ पासून ‘राखीव कलमा’ची प्रथा सुरू झाली. करार संपल्यानंतरही खेळाडूवर त्याच संघाचा हक्क राही. कर्ट फ्लड या खेळाडूची १९६९ मध्ये सेंट लूइस संघाने फिलाडेल्फिया संघाशी अदलाबदल केली, तेव्हा त्याने जाण्यास नकार देऊन न्यायालयात धाव घेतली. सर्वोच्च न्यायालयात १९७२ मध्ये तो हरला. तथापि १९७५ मधील लवादाच्या एका निर्णयाने राखीव कलमाची पकड सुटली. इंग्लंडमध्ये फुटबॉल खेळाडू जॉर्ज ईस्टम याच्या खटल्यात (१९६३) खेळाडूस अडकवून ठेवण्याची तत्सम पद्धत अवाजवी ठरविण्यात आली. यूरोपीय न्यायालयाने बॉसमन खटल्यात (१९९५) करार संपलेल्या खेळाडूसाठी संघांतर-शुल्क मागणे यूरोपीय समुदायांतर्गत अवैध ठरविले.

उत्तर अमेरिकेतील आइस हॉकीमध्ये दुसऱ्या प्रश्नावर एक उपाय रूढ झाला. राष्ट्रीय हॉकी लीगमधील ज्येष्ठ खेळाडूंच्या करारात स्थानांतर-मनाईचे कलम घालता येते. त्यानुसार खेळाडूच्या संमतीशिवाय त्यास दुसऱ्या संघाकडे देता येत नाही व दुय्यम स्पर्धांतील संघातही धाडता येत नाही. हे कलम खेळाडूस किती बळ देते, याचे उदाहरण २००९ मध्ये दिसले. ऑटावा संघातील डॅनी हीटली याने स्वतःच संघांतराची मागणी केली. पण एडमंटन संघाशी ठरलेली अदलाबदल याच कलमाच्या आधारे त्याने नाकारली. अखेर त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये तो सॅन होझे संघाकडे गेला. अर्थात असे कलम प्रत्येकास मिळत नाही. बाजारात ज्याची किंमत मोठी, त्यालाच ते मागता येते.

भारतातील स्थिती : भारतात, विशेषतः महाराष्ट्रात, खेळाडूचा संघ व त्याची नोकरी ही दीर्घकाळ एकच बाब होती. रेल्वे, विमान कंपन्या, बँका व कारखाने यांचे संघ मुंबईच्या हॉकीत व क्रिकेटमध्ये अग्रेसर होते. खेळाडूच्या करारात संघांतराविषयी काही लिहिलेले असो वा नसो, संघ सोडणे म्हणजे कायमची नोकरी, निवासस्थान व निवृत्तिवेतन सोडणे होते. त्यामुळे लेखी कलमापेक्षा नोकरीची सुरक्षितता हेच मोठे बंधन ठरले.

या विषयाचा कायदेशीर पाया भारतीय करार अधिनियम, १८७२ यातील कलम २७ मध्ये आहे. कायदेशीर व्यवसाय, व्यापार किंवा धंदा करण्यास प्रतिबंध करणारा करार तेवढ्यापुरता शून्य होय, असे हे कलम सांगते. त्याचा महत्त्वाचा अर्थ ज्या खटल्यात लागला, तो खेळाच्या मैदानावरील नसून ठाणे जिल्ह्यातील एका कारखान्यातील आहे. कल्याण येथील सेंच्युरी रेयॉन कारखान्यात टायरसाठी लागणाऱ्या धाग्याच्या विभागात निरंजन शंकर गोलीकरी हे पाळी-पर्यवेक्षक होते. त्यांचा करार १९६३ पासून पाच वर्षांचा होता व त्या अवधीत अन्यत्र तसेच काम न करण्याची अट त्यात होती. मुदतीपूर्वीच ते नोकरी सोडून राजस्थानातील कोटा येथे प्रतिस्पर्धी कारखान्यात रुजू झाले. सर्वोच्च न्यायालयाने १९६७ मध्ये त्यांच्याविरुद्धचा मनाई हुकूम कायम केला. कराराची मुदत चालू असेपर्यंतचे असे बंधन सामान्यतः व्यवसायावरील प्रतिबंध ठरत नाही, हे तत्त्व त्यातून प्रस्थापित झाले.

या तत्त्वाची दुसरी बाजू क्रिकेटपटू झहीर खान यांच्या खटल्यात स्पष्ट झाली. मूळचे श्रीरामपूरचे असलेल्या झहीर खान यांनी २००० मध्ये पर्सेप्ट डी’मार्क या कंपनीशी जाहिरात व प्रतिनिधित्वाचा तीन वर्षांचा करार केला होता. मुदत संपल्यावरही अन्य कंपनीचा प्रस्ताव आल्यास तो प्रथम आपणास कळवावा व आपण तितकाच मोबदला देण्यास तयार असल्यास करार आपल्याशीच करावा, अशी अट कंपनीने पुढे केली. सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये ती मान्य केली नाही. मुदतीपलीकडील बंधन कलम २७ च्या विरुद्ध ठरते, असा निर्णय दिला. थोडक्यात, भारतीय कायद्यानुसार करार चालू असताना खेळाडू बांधील असतो व करार संपताच मोकळा होतो.

हॉकीतील वाद : कायद्याची ही रेषा स्पष्ट असली, तरी खेळाडूस बांधणारे सर्वच बंध करारातून येत नाहीत. मान्यताप्राप्त संघटनेची नोंदणी व राष्ट्रीय संघातील निवड हे बंध त्याहून बळकट असतात. धनराज पिल्ले (१६ जुलै १९६८ – ) यांच्या तक्रारीने हा मुद्दा ऐरणीवर आणला. पुण्याजवळील खडकी येथे जन्मलेले पिल्ले चार ऑलिंपिक व चार विश्वचषक स्पर्धा खेळले. त्यांच्या नेतृत्वाखाली भारताने १९९८ च्या बँकॉक आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक मिळविले. इंग्लंड, फ्रान्स, जर्मनी व मलेशिया येथील क्लबांकडूनही ते खेळले होते.

भारतीय ऑलिंपिक संघटनेने २००८ मध्ये भारतीय हॉकी महासंघास निलंबित केले व २००९ मध्ये ‘हॉकी इंडिया’ ही नवी संघटना स्थापन झाली. आंतरराष्ट्रीय हॉकी महासंघाची मान्यता नव्या संघटनेस होती; जुन्या महासंघाने मात्र आपला दावा सोडला नाही व निंबस स्पोर्ट या कंपनीच्या साहाय्याने ‘वर्ल्ड सिरीज हॉकी’ ही व्यावसायिक स्पर्धा योजली. आंतरराष्ट्रीय महासंघाने २०११ मध्ये मान्यताप्राप्त व अमान्य स्पर्धांविषयीचे नियम लागू केले. हॉकी इंडियाने खेळाडूंकडून घेतलेल्या आचारसंहितेच्या करारातही अमान्य स्पर्धांत न खेळण्याची अट होती. नव्या स्पर्धेत चांगला मोबदला होता. पण तीत उतरल्यास राष्ट्रीय संघाचे दार बंद होण्याचा धोका होता.

पिल्ले व अन्य माजी खेळाडूंनी २०११ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाकडे तक्रार केली. हॉकी इंडिया आपल्या वर्चस्वाचा गैरवापर करून खेळाडूंना अडविते, असा त्यांचा आरोप होता. दरम्यान वर्ल्ड सिरीज हॉकी २९ फेब्रुवारी ते २ एप्रिल २०१२ या काळात पार पडली. स्वतः पिल्लेही तीत खेळले. पुढे मात्र ती पुन्हा भरली नाही. हॉकी इंडियाची स्वतःची लीग जानेवारी २०१३ मध्ये सुरू झाली. आयोगाने ३१ मे २०१३ रोजी निर्णय दिला. हॉकी इंडियाचे वर्चस्व त्याने मान्य केले. परंतु ही बंधने खेळाच्या व्यवस्थेत अंगभूत व उद्दिष्टाच्या प्रमाणात असल्याचे सांगून गैरवापर सिद्ध झाला नसल्याचा निष्कर्ष काढला. त्याचबरोबर नियामक अधिकारांचा वापर व्यापारी निर्णयांसाठी होऊ नये, म्हणून संघटनेने अंतर्गत नियंत्रणाची व्यवस्था करावी, अशी अपेक्षा आयोगाने व्यक्त केली.

या निर्णयातील शेवटचा भाग विशेष महत्त्वाचा होय. जी संस्था खेळाचे नियम करते, राष्ट्रीय संघ निवडते व स्वतःची व्यापारी स्पर्धाही चालविते, तिला ‘अमान्य’ ठरविण्याचा अधिकार असल्यास प्रतिस्पर्धी स्पर्धा उभी राहणे कठीण होते. क्रिकेटमध्येही २००७ साली सुरू झालेल्या इंडियन क्रिकेट लीगमधील खेळाडूंवर नियामक मंडळाने बंदी घातली होती. याउलट इंग्लंडमध्ये केरी पॅकर यांच्या स्पर्धेत उतरलेल्या खेळाडूंवरील बंदी तेथील उच्च न्यायालयाने १९७७ मध्ये व्यवसायावरील अवाजवी निर्बंध म्हणून रद्द ठरविली होती.

क्रिकेटमधील राज्यांतर : एका राज्य संघटनेकडून दुसरीकडे जाण्यासाठी क्रिकेटपटूस मूळ संघटनेचे ना हरकत प्रमाणपत्र लागते. यशस्वी जैस्वाल यांनी एप्रिल २०२५ मध्ये मुंबई सोडून गोव्याकडून खेळण्यासाठी ते मागितले व त्यांना ते मिळाले. पुढील महिन्यात त्यांनी निर्णय बदलला आणि मुंबई क्रिकेट संघटनेने त्यांना पुन्हा सामावून घेतले. येथे दोन्ही वेळा संघटनेने उदारपणा दाखविला. पण परवानगी देणे न देणे तिच्याच हाती होते. इंडियन प्रीमियर लीगमध्ये संघांनी परस्पर अदलाबदल करताना खेळाडूची संमती आवश्यक असते. मात्र दुसऱ्या संघाशी परस्पर बोलणी केल्याबद्दल रवींद्र जडेजा यांना २०१० च्या हंगामास मुकावे लागले होते.

मूल्यमापन : संघाने खेळाडूवर केलेला खर्च, स्पर्धेतील समतोल व प्रेक्षकांची निष्ठा यांसाठी काही बंधने आवश्यक असतात, हे सर्वत्र मान्य झाले आहे. मतभेद आहे, तो बंधन कोणी व किती काळ घालावे याविषयी. कल्याणच्या कारखान्यातील कर्मचाऱ्यास कराराची मुदत ठाऊक होती. ती संपताच तो मोकळा होणार होता. संघटनेच्या मान्यतेने येणाऱ्या बंधनास अशी अंतिम तारीख नसते. ते बंधन खेळाडू जोवर खेळतो, तोवर टिकते आणि त्याविरुद्धची दाद लागेपर्यंत त्याचे खेळण्याचे वय सरलेले असते. खेळाडूंच्या प्रातिनिधिक संघटना, स्वतंत्र लवाद व नियामक आणि व्यापारी कार्यांची फारकत हे यावरील उपाय म्हणून सुचविले जातात. आइस हॉकीतील स्थानांतर-मनाईचे कलमही तेथील खेळाडू संघटनेने सामुदायिक वाटाघाटीतून मिळविलेल्या करारचौकटीतच शक्य झाले आहे.